खोपटातली डावरी काठी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. लोखंडी पाते, पोलादी दांडा आणि वर रबराची मूठ, असे माझे साधे रूप. पण माझ्यात दोन खोडी जन्मापासून आहेत. पहिली म्हणजे मी डावरी आहे. माझे पाते उलट्या बाजूला वळलेले आहे, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या मी काही कामाची नाही. दुसरी खोड म्हणजे मला स्वस्थ बसवत नाही. आणि नशीब बघा, चेंडूवर तुटून पडण्यासाठी जन्मलेली मी, आयुष्याचा मोठा भाग कोपऱ्यात उभी राहून काढला.

कारखान्यात माझ्या उजव्या बहिणींचे ढीग लागत. आम्हा डाव्यांची पाळी क्वचित यायची. त्यासाठी साचा बदलावा लागे, म्हणून कामगार कुरकुरत. तिथून मी एका दुकानात आणि दुकानातून एका पाहुण्या खेळाडूच्या पिशवीत गेले. त्याचा हात बरा होता, पण गडी विसरभोळा. एका दुपारी त्याने मला झाडाला टेकवून ठेवले, डबा खाल्ला आणि बाकीच्या काठ्या घेऊन निघून गेला, तो परत काही आला नाही.

मी सापडले मैदानाच्या माळीबाबांना. त्यांनी चार दिवस मला जो भेटेल त्याला दाखवले. ज्याने हातात घेतले तो हसला आणि म्हणाला, "ही तर उलटी आहे!" मग माळीबाबांनी मला आपल्या खोपटात ठेवले. तिथे गवत कापायचे यंत्र, पाण्याच्या नळ्या आणि होलवर, म्हणजे चेंडू पडायच्या खड्ड्यावर, लावायचे झेंडे असत. मी तिथे दार अडकवले, चुना ढवळला, गांधिलमाशांची पोळी पाडली. पडेल ते काम केले, पण मनातून माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाहेर चेंडू मारल्याचा टणत्कार ऐकू आला की मी दारामागे थरथरत असे, आणि माळीबाबा म्हणत, "वारा सुटलाय वाटतं."

माळीबाबांना एक मुलगी होती. शाळा सुटली की ती खोपटात येई. दार उघडायची डाव्या हाताने, पाणी प्यायची डाव्या हाताने, आणि दरवेळी माळीबाबा एकच वाक्य म्हणत, "हा हात नाही, तो हात." रागाने नव्हे बरं का. शर्टाचे चुकीचे लावलेले बटण सोडवून नीट लावावे, तसे ते तिच्या हातातली वस्तू काढून दुसऱ्या हातात देत.

एके दिवशी ते कामावर होते आणि ती एकटीच होती. तिने मला दारामागून ओढले, एक फुटका चेंडू शोधला आणि अंगणात उभी राहिली. तिला कुणी काही शिकवलेले नव्हते. डावा हात आपोआप खाली गेला, खांदा वळला, आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! चेंडू माझ्या पात्याच्या नेमक्या मध्यावर बसला आणि कुंपणाच्या उंच झाडांवरून पलीकडे गेला. पात्यापासून मुठीपर्यंत मी झणझणले. ती तोंड उघडे टाकून बघत राहिली. तेवढ्यात माळीबाबा कोपऱ्यावरून आले. त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाले, "हा हात नाही, तो हात." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कुणीतरी टाकून दिलेली उजव्या हाताची काठी आणून दिली. मला माळ्यावर टाकले आणि माझ्यावर रिकामी पोती टाकली.

किती वर्षे गेली ते मला विचारू नका. अंधारात माझ्यासारख्या उतावळ्या जिवाला एकेक दिवस डोंगराएवढा वाटतो. खालून कानावर पडे तेवढेच मला कळत गेले. मुलगी उजव्या हाताने खेळायला शिकली. मोठी झाली, लग्न झाले, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कापड कापायच्या कामाला लागली. कात्रीही अर्थात उजव्या हाताची. गावच्या हौशी बायकांची गोल्फ स्पर्धा वर्षातून एकदा भरे, तिच्यात ती दरवर्षी उतरत होती आणि दरवर्षी दुसरी येत होती. पहिली यायची दातांची डॉक्टरीणबाई. दुसऱ्या नंबराला बक्षीस ठरलेले होते, थर्मास. आमच्या मुलीच्या, म्हणजे आता बाईच्या, घरी थर्मास इतके झाले की पाहुण्यांना पाण्याऐवजी थर्मास द्यावा, असे तिचा नवरा म्हणे. मैदानावरचे लोक तिला प्रेमाने आणि थोडे चिडवत "दुसरी" म्हणत.

तिची पिशवी उचलायला दरवर्षी माळीबाबाच असत. मैदानाच्या ओसरीवर जिंकलेल्यांच्या नावांची एक लाकडी पाटी आहे. ती पुसायचे काम आयुष्यभर त्यांनी केले. त्या पाटीवर एकदा तरी आपल्या लेकीच्या नावावरून फडके फिरवायला मिळावे, एवढीच त्यांची इच्छा होती. बाईलाही दुसरे काही नको होते. स्पर्धा जवळ आली की दोघांची झोप उडायची.

माळीबाबा निवृत्त झाले, तेव्हा खोपट रिकामे करायला बाई आली. पोती ओढली आणि मी तिच्या पायाशी पडले.

"बाबा, ही अजून आहे?"

"मोडीत टाक ती," माळीबाबा पाठमोरेच म्हणाले. "एका काठीवर कुणी खेळतं का?"

तिने मला मोडीत टाकले नाही. घरी नेऊन गंज घासला, तेल लावले आणि स्वयंपाकघरात कपाटाशेजारी उभे केले. तिथे मला छोटी भेटली, म्हणजे बाईची मुलगी. नुकतीच शाळेत जायला लागलेली, सारखी चित्रे काढणारी, आणि डावरी! पण आजोबा शेजारी बसले की तिची पेन्सिल या हातातून त्या हातात जाई. तेच जुने वाक्य, "हा हात नाही, तो हात." बाई ओट्याशी उभी असे, ऐके, आणि काही बोलत नसे. ती का बोलत नाही, या विचाराने माझ्या दांड्याला जणू मुंग्या येत.

स्पर्धेच्या सकाळी बाईने पिशवीतून एक काठी बाहेर काढली आणि तिच्या जागी मला घातले.

"वेड लागलंय का?" माळीबाबा म्हणाले. "पिशवीत चौदाच काठ्या चालतात. ही कशाला जागा अडवतेय?"

"असू द्या, बाबा."

"शोभेला?"

"शोभेला म्हणा."

त्या दिवशी माझी काय अवस्था झाली असेल! प्रत्येक होलला वाटे, आता माझी पाळी. पिशवीत हात आला की मी पुढे सरसावायची आणि हात शेजारणीला घेऊन जायचा. माझ्या खडखडाटाने बाकीच्या काठ्या वैतागल्या. "अगं, जरा गप राहशील का?" म्हणून दोघी-तिघींनी मला ढोसले. पण बाईसुद्धा माझ्याइतकीच अस्वस्थ होती. हातमोजा घालत होती, काढत होती, परत घालत होती. तिचे आणि डॉक्टरीणबाईंचे फटके दिवसभर मागेपुढे होत राहिले आणि शेवटच्या होलवर दोघी बरोबरीत आल्या. कडेला माणसांची गर्दी जमली होती. छोटी वडिलांच्या खांद्यावर बसून आईला हात करत होती.

डॉक्टरीणबाईंचा पहिला फटका सरळ गेला. बाईचा वाकडा झाला. चेंडू एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याला जाऊन टेकला. बाई तिथे पोचली आणि तिचा चेहरा उतरला. उजव्या हाताने मारायचे तर तिला जिथे उभे राहायला हवे होते, नेमके तिथे झाड उभे होते.

माळीबाबांनी पिशवी खाली ठेवली. "एक फटका दंड घे, चेंडू मोकळ्या जागी ठेव आणि मार. दुसरा उपाय नाही."

"म्हणजे परत थर्मास," बाई म्हणाली. थोडा वेळ ती झाडाकडे बघत राहिली, मग झाडाच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथे जागा मोकळी होती. "बाबा, ती द्या."

कोणती, हे त्यांनी विचारले नाही. त्यांचा हात माझ्या मुठीवर आला आणि तिथेच थांबला. 

"पोरी, लोक हसतील."

"हसू देत. द्या."

त्यांनी मला बाहेर काढले, आपल्या पंच्याने पुसले आणि तिच्या हातात दिले. बाईने आधी सवयीने मला उलटे धरले. मग हात सोडले, पुन्हा धरले. डावा हात आपोआप खाली गेला. खांदा वळला. तीच ती मुलगी होती, मित्रांनो! चेंडू झाडाच्या फांद्यांखालून सणसणत निघाला, उतारावर दोन उड्या मारून झेंड्याभोवतीच्या तुळतुळीत हिरवळीवर जाऊन थांबला. कुणी हसले नाही. आधी एकाने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. बाईचे चेंडूकडे लक्षच नव्हते. ती आपला डावा तळहात बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग ती जिंकलीच असेल. नाही. हिरवळीवर तिचा चेंडू होलच्या कडेपाशी येऊन थांबला आणि तो आत ढकलायला आणखी एक फटका लागला. डॉक्टरीणबाईंचा चेंडू लांबून रमतगमत आला, कडेवर घुटमळला आणि आत पडला. एका फटक्याने बाई पुन्हा दुसरी! मी संतापाने थडथड उडत होते. बाईने मात्र हसत जाऊन हात मिळवला.

डॉक्टरीणबाई मला निरखत म्हणाल्या, "ही कुठं लपवली होती हो इतकी वर्षं? पुढच्या वर्षी तुम्ही या बाजूनं खेळायला लागलात, तर माझं काही खरं नाही."

माळीबाबा खाली मान घालून पिशवीचे पट्टे आवळत बसले. ते पट्टे आधीच घट्ट होते.

संध्याकाळी नवा थर्मास टेबलावर आला. बाईने मला खुर्चीला टेकवले होते. छोटी चित्र काढत होती, डाव्या हाताने. हिरवे मैदान, एक झाड आणि झाडाएवढी मोठी आई. माळीबाबा आत आले. ते काही बोलायच्या आतच छोटीने गुपचूप पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि झाडाची रेघ वेडीवाकडी झाली.

माळीबाबा दारातच उभे राहिले. मग तिच्याजवळ बसले. "आज आईने कोणत्या हाताने मारलं?"

छोटी घाबरून आईकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "या."

"मग चित्रही त्याच हाताने काढ." त्यांनी स्वतः पेन्सिल उचलून तिच्या डाव्या हातात ठेवली.

बाई कप विसळत होती, ती थांबली. तिच्याकडे न बघता माळीबाबा म्हणाले, "तू लहान होतीस तेव्हाचा तो चेंडू मी पाहिला होता. कुंपणापलीकडे गेलेला. मी कोपऱ्यावरच होतो."

"पाहिला होता?"

"दुसऱ्या दिवशी जाऊन शोधलासुद्धा. फार लांब गेला होता, बाळा. इतका लांब मोठी माणसंही मारत नव्हती." त्यांनी डोळे पुसले. "उजव्या हाताच्या काठ्या लोक टाकून देतात, त्या मी तुला आणू शकत होतो. डाव्या हाताच्या कुठून आणल्या असत्या? म्हटलं, जे देता येणार नाही त्याची गोडी कशाला लावायची?"

बाईने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, एक तर होती."

छोटीने झाडाची वाकडी रेघ डाव्या हाताने पुन्हा काढली.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. माळ्यावर टाकलेल्या काठीला गंज चढतो आणि कुणी घासले तर तो उतरतोही. म्हणून जुन्या वस्तू फेकू नका, हे तर मी सांगणारच. पण हाताचे तसे नाही. अडवलेल्या हाताला आपण काय करू शकलो असतो, हे कळायला अर्धे आयुष्य जाते. तुमच्या बाकावर कुणी वेगळ्या हाताने लिहीत असेल, तर हसू नका. आणि तो हात तुमचाच असेल, तर पेन्सिल घट्ट धरा.

आता रोज सकाळी बाई मला घेऊन मैदानावर जाते आणि पहिल्यापासून शिकते. दहातले सहा फटके चुकतात, मातीची ढेकळे उडतात. माळीबाबांनी ते गवत आयुष्यभर तळहातावरच्या फोडासारखे जपले आहे, पण ते तक्रार करत नाहीत. ढेकूळ उचलतात, जागेवर बसवतात, पायाने दाबतात आणि म्हणतात, "हां, तोच हात. मार परत."