पांढरी गुलाबी झाली त्या वर्षी

मी एक जुनी लाल खोळ आहे. मित्रांनो, खोळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उशी आली असेल. पण माझ्यावर डोके टेकून कोणी कधी झोपले नाही, उलट मीच डोक्यावर बसायचे. स्पीडवेच्या शर्यतीत मोटारसायकलस्वार जे हेल्मेट घालत, त्यावर मला ताणून चढवत. चार स्वार, चार रंग, मैदानाला चार फेऱ्या आणि गाडीला ब्रेक मुळी नाहीच. सव्वा मिनिटात सगळा खेळ खलास. तेवढ्या वेळात धुरळ्यातून कोण पुढे, कोण मागे हे लोक ओळखत ते आम्हा चौघींच्या रंगांवरून.

माझा जन्म पोलंडमधल्या ड्रोझ्दोव्हो गावी, गेन्याबाईंच्या शिवणयंत्रावर झाला. साखर कारखान्यात मे दिनाच्या मिरवणुकीसाठी लाल कापडाचे तागे आले होते. त्यातला उरलेला तुकडा म्हणजे मी. त्या काळी आमच्या दुकानांत साबण मिळायचा नाही, संत्री तर नाताळलाच दिसायची, पण लाल कापडाला कधी तोटा पडला नाही. माझी निळी बहीण कामगाराच्या डगल्यातून निघाली, पिवळी जुन्या पडद्यातून, आणि पांढरी गेन्याबाईंच्या लग्नातल्या चादरीतून. लाल आणि निळी घरच्या स्वारांसाठी, पांढरी आणि पिवळी पाहुण्यांसाठी. "चादर माझी आणि मिरवणार पाहुणे," असे गेन्याबाई हसत म्हणायच्या.

त्यांचे यजमान वालेक कारखान्याच्या भट्टीवर होते. भट्टीतला जळका कोळसा बारीक करून तोच आमच्या धावपट्टीवर पसरत. म्हणजे धावपट्टी नवऱ्याची आणि रंग बायकोचे. या जोडप्याइतके स्पीडवेचे वेड गावात दुसऱ्या कुणाला नव्हते, आणि आमच्या गावाला वेड काही कमी नव्हते. रविवारी चर्चमधून आले की कोंबडीचे सूप घाईघाईने संपवून सगळे मैदानाची वाट धरत.

अजून डोळे मिटले की मी तिथेच असते. इंजिनात एरंडेल जळत असते. तुम्हाला तो वास औषधाचा वाटेल, मला तो रविवारचा वाटतो. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली फीत वर उडते, माझ्या शिवणीत वारा शिरतो, आणि गाडी वळणावर आडवी होऊन तरंगत जाते. माणसांची रांग एका लांब पट्ट्यासारखी वाहू लागते. काळी खडी पावसासारखी कुंपणावर कोसळते आणि पहिल्या वळणावरची माणसे खुशाल तोंड उघडे ठेवून ओरडत राहतात. त्यांच्या दातांखाली ती कचकचत असेल, पण तक्रार कोणी करत नसे. त्या सव्वा मिनिटात मला वाटायचे की जग गोल आहे ते याच कारणाने.

गेन्याबाईंना स्वारांच्या आवारात जायची मुभा होती. तिथे जाणाऱ्या त्या एकट्याच बाई. प्रत्येक शर्यतीला खोळी घालायच्या, उसवले तर दोन टाके मारायचे. सोमवारी आम्ही चौघी त्यांच्या घरी धुवायला जायचो. आणि सोमवारीच वालेक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कालची सगळी स्पर्धा पहिल्या शर्यतीपासून सांगायचे.

"अरे, मी तिथंच होते की," गेन्याबाई म्हणायच्या.

"तू आवारात होतीस. तिथनं काय दिसतं? पाठी. खरी शर्यत पहिल्या वळणावरनं दिसते."

"बरं, सांगा शहाणे. पण पाय वर घ्या, फरशी पुसायचीय."

असे आठ वर्षे चालले. मला वाटते, त्यांच्या संसारातला सगळ्यात गोड वेळ तोच होता. दोघांनाही ते माहीत असावे, कारण सोमवारी संध्याकाळी त्यांनी कधी कुणाचे आमंत्रण घेतले नाही.

एकोणसत्तर सालच्या ऑक्टोबरातला एक सोमवार मात्र आम्हाला नडला. शेवटचा सामना पुढच्या रविवारी होता. हरलो तर आमचा संघ खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तरी तरणार. वालेक रंगात आले होते. आमच्या संघातला स्वार झेनेक, एरवी बेकरीतला भट्टीवाला, तिसऱ्या वळणावर दोघांच्या मधून कसा निसटला, ते काट्याचमच्याने दाखवत होते. गेन्याबाई ऐकता ऐकता इतक्या हरवल्या की त्यांनी मला पांढरीच्याच उकळत्या भांड्यात सोडले. शर्यत संपली तेव्हा पांढरी गुलाबी झाली होती.

"वालेक, तुझ्या त्या वळणानं माझी चादर खाल्ली."

वालेकांनी ती खिडकीशी धरून पाहिली. "कुठं गुलाबी? लांबून पांढरीच वाटेल. आणि तू फिकट झालीयस का, ते कोण बघतंय?" हे शेवटचे माझ्याकडे बघून.

गेन्याबाईंनी तिला तीन दिवस उन्हात घातले. थोडा फरक पडला. पांढऱ्या कापडाला दुकानात रांग होती आणि रांगेच्या शेवटाला कापड नव्हते. शनिवारी त्यांनी क्लबच्या लोकांना सांगायचे ठरवले आणि सांगितले नाही. आवारात जायचा परवाना जाईल ही त्यांना भीती होती. आठ वर्षांत एकदाही चूक नाही म्हणून लोक त्यांचे कौतुक करत, आणि कौतुकाची सवय वाईट असते.

रविवारी बारा शर्यतींनंतर दोन्ही संघ बरोबरीत होते. तेराव्या, म्हणजे शेवटच्या शर्यतीत मी झेनेकच्या डोक्यावर होते आणि पांढरी पाहुण्यांच्या डोक्यावर. निळीच्या गाडीची साखळी पहिल्याच फेरीत तुटली. पिवळी मागे तिसरी राहिली. उरलो आम्ही दोघी बहिणी. ऊन खाली उतरले होते, धुरळा सोन्यासारखा तरंगत होता. शेवटच्या वळणापर्यंत मी पुढे होते. मग पांढरी आतल्या बाजूने आली, अगदी सावकाश, स्वप्नात माणसे येतात तशी, आणि रेषा ओलांडताना तिच्या पाठीवरचे ठिगळ मला दिसले. आम्ही मागे होतो. अर्धे चाकच, पण मागे.

मनोऱ्यातल्या पंचांनी दोन गुलाबीसर, धुळीने माखलेली डोकी पाहिली आणि लाल पहिला असे जाहीर केले. पहिल्याचे तीन गुण आम्हाला, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचा एक पाहुण्यांना, म्हणजे बरोबरी! आमचा संघ तरला होता. लोक कुंपणावरून उड्या मारून आले, झेनेकला खांद्यावर घेतले, वर उडवू लागले. मी त्याच्याबरोबर वर जात होते आणि खाली येत होते. झेनेक हसत नव्हता.

वरून मला गेन्याबाई दिसल्या. आवाराच्या फाटकाशी, रेषेच्या अगदी समोर त्या उभ्या होत्या. ते ठिगळ त्यांनीच लावले होते, त्यांना ते कुठेही ओळखू आले असते. त्यांनी एकदा लोकांकडे पाहिले. मग ॲप्रनला हात पुसले आणि मनोऱ्याच्या पायऱ्या चढू लागल्या.

पुढचे मला नंतर झेनेकच्या तोंडून कळले, कारण पंचांनी त्यालाही वर बोलावले तेव्हा तो हेल्मेट खाली ठेवून गेला होता. गेन्याबाई म्हणाल्या, "साहेब, पांढरी खोळ माझ्या हातनं खराब झाली, म्हणून तुम्हाला ओळखता आलं नाही. पांढरा पुढं होता. ठिगळ माझं आहे."

पंच म्हणाले, "बाई, तुमचाच संघ खाली जाईल."

"ते मला कळतं हो. म्हणूनच पायऱ्या चढताना इतका वेळ लागला."

पंचांनी झेनेकला विचारले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अर्ध्या चाकानं मागे होतो."

निकाल बदलला. मैदान इतके गप्प झाले की कुणीतरी सूर्यफुलाच्या बियांची पुडी चुरगाळल्याचा आवाज आला. घरी जाताना गेन्याबाईंना कुणी नमस्कार केला नाही. वालेक दहा पावले पुढे चालत होते.

त्यानंतर आम्हा खोळींना परत न्यायला कोणी आले नाही. क्लबने शहरातून नव्या आणल्या. आम्ही खणात राहिलो, शेवटच्या शर्यतीच्या धुळीसकट. सोमवारी भांडे चुलीवर चढायचे, पण त्यात फक्त टॉवेल असायचे, आणि स्टूल रिकामे असायचे. वालेक आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचायचे. मीठ दे, दार लाव, एवढेच बोलणे. बेकरीच्या रांगेत गेन्याबाईंच्या मागच्या बाया हळू आवाजात बोलत, पण मुद्दाम त्यांना ऐकू जाईल इतपत. गेन्याबाई घरी येऊन कुणालाच काही सांगत नसत. सांगायचे कुणाला? मला फार वाईट वाटायचे, मित्रांनो. पांढरीवर रंग माझाच उतरला होता ना.

नाताळात झेनेक खसखस भरलेल्या गोड केकची गुंडाळी घेऊन आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मावशी, तुम्ही चढला नसता तर मी गप्पच बसलो असतो. मग बेकरीत रोज पहाटे मला तेच आठवलं असतं."

"आत ये, थंडी लागतेय," गेन्याबाई म्हणाल्या. आतल्या खोलीतले वर्तमानपत्र त्या वेळी हलायचे थांबले होते.

एप्रिलमध्ये खालच्या गटातला पहिला सामना आला. रविवार होता. वालेकांनी कोट घातला, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन कोटासकट स्टुलावर बसले. गेन्याबाई बटाटे सोलत होत्या. दूर मैदानावर इंजिने तापवायला सुरुवात झाली होती.

"तेराव्या शर्यतीचं तुला सांगायचं राहिलं," वालेक म्हणाले.

गेन्याबाईंनी मान वर केली नाही. "सांग."

"निळ्याची साखळी तुटली. झेनेक शेवटच्या वळणापर्यंत पुढं होता. मग पांढरा आतनं आला. रेषा ओलांडून ते सरळ आमच्याच अंगावर येतात, पहिल्या वळणावर. मला समोरनं दिसलं, गेन्या. पांढरा पुढं होता. आणि मी ओरडलो, झेनेक जिंकला म्हणून. तू मनोऱ्यावर चढत होतीस तेव्हा झेनेकला खांद्यावर घेणाऱ्यांत मी होतो."

बटाट्याची साल सुरीवरच लोंबत राहिली.

"मला तुझा राग नव्हता आला," वालेक म्हणाले. "तुझ्याकडं बघवत नव्हतं."

"आणि हे सांगायला सहा महिने लागले तुला?"

"लागले."

गेन्याबाई थोडा वेळ रडल्या. मग तोंड धुऊन म्हणाल्या, "ऊठ. दुसरी शर्यत तरी मिळेल. आज मी पहिल्या वळणावर उभी राहणार, बघू तुला खरंच एवढं काय दिसतं ते." दार लागल्याचा आवाज मी खणातून ऐकला. बऱ्याच वेळाने ते परतले तेव्हा दोघेही एकाच वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचे ऐकत नव्हते.

आता ते दोघेही नाहीत. मी त्यांच्या नातीच्या कपाटात असते. अशा वेळी माझ्यासारख्या वस्तूने सांगायचे असते, की जुन्या गोष्टी जपा. जपा, माझी ना नाही, फक्त मला धुऊ नका, एरंडेलाचा वास जाईल. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, तुमच्यातले कोणी जर एकटे उठून खरे बोलले, आणि ते तुम्हालाही माहीत असले, तर त्याच संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसा. आमच्या घरी वालेक एका भिंतीपलीकडे होते. त्यांना तेवढे अंतर चालायला ऑक्टोबर ते एप्रिल लागले.