दुसऱ्याच्या नावाची भांडी

"आवं ताई, मागं व्हा! आमटी उकळतीया, हात पोळंल!"

झारा हातात घेऊन मी ओरडलो, पण ती बाई काही हलेना. भारी साडी नेसलेली, सांगलीहून आलेली नवरीकडची पाहुणी, आणि चुलाण्याच्या धगीत पातेल्याच्या काठावर वाकून काहीतरी वाचत होती. लग्नात बायका आचाऱ्याकडं येतात त्या चार जिलब्या बाजूला काढून ठेवा म्हणून सांगायला. भांडी वाचायला आलेली ही पहिलीच.

"हे पातेलं कुणाचं?" तिनं विचारलं.

"हुसेनभाईचं. भाड्याचं हाय."

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्या आईचं आहे."

झालं! अक्षता पडायला आल्या होत्या, भात अजून चढवायचा होता आणि हिचं हे सुरू. "पंगती उठू द्या, मग बघू," म्हणून मी तिला कशीबशी वाटेला लावली. पण खरं सांगतो, त्या दिवशी आमटीत मीठ घातलं की नाही हे मला दोनदा चाखून बघावं लागलं. कारण त्या पातेल्यावरचं नाव मीही कितीदा वाचलं होतं.

मी आकाराम, शिराळ्याचा आचारी. हुसेन मुलाणीच्या भांड्यांत मी निम्मं आयुष्य स्वयंपाक केला. तो मूळचा कल्हईवाला. सायकलीला भाता बांधून शिराळ्यापासून पार पाटणपर्यंतची गावं फिरायचा. स्टीलनं त्याचा धंदा खाल्ला. तेव्हा एका घरानं कल्हईच्या पैशांऐवजी अडगळीतला हंडा त्याच्या गळ्यात मारला. त्यानं तो घासूनपुसून एका बारशाला भाड्यानं दिला. त्या भाड्यातून परात आली. परातीमागून झारे आले, ताटं आली. सगळं जुनं, भंगारवाल्याच्या ढिगातून निवडून आणलेलं. पोचे काढायचा, कल्हई करायचा आणि भाड्याला लावायचा. सायकल जाऊन हातगाडी आली, हातगाडी जाऊन जुना टेम्पो आला. मी म्हणायचो, "आरं गड्या, बँकेचं कर्ज काढ, एकदम नवं सामान घे. हातपाय हलव की जरा!" तर म्हणायचा, "तोंडातला घास खाली उतरू दे की रं आधी."

जुनी भांडी म्हटल्यावर त्यांवर नावं आलीच, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. मला मेल्याला चौकशीची भारी खोड. परातीवर लिहिलेलं, 'चि. मल्हारच्या बारशाला मामीकडून.' कणीक तिंबताना माझ्या डोक्यात तेच. मल्हारनं मामीची परात का विकली? भांडण झालं असेल का? का मामीच वाईट होती? एका तांब्यावर 'गुंडा यास आत्याकडून' एवढंच होतं. मी त्या गुंडाला मनातल्या मनात लष्करात पाठवलं, त्याचं लग्न लावलं, त्याला पोरंबाळं दिली.

मात्र एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. भाड्यानं भांडी देणारा माणूस आधी स्वतःचं नाव घालून घेतो, नाहीतर मांडवात भांडी बदलतात. हुसेननं एका चमच्यावरसुद्धा नाव घातलं नव्हतं. विचारलं की हसून म्हणायचा, "नाव घालायचं मशीन न्हाई माझ्याकडं."

सगळ्यांत मोठं ते पितळी पातेलं. महापुरानंतर आलेलं. त्यानंच हुसेनचा धंदा वर काढला, कारण एवढं भांडं आसपास कुणाकडं नव्हतं. त्याच पातेल्याच्या जिवावर लालासाहेबांच्या मंगल कार्यालयाचं सबंध हंगामाचं काम मिळायचं घाटत होतं. गुरुवारी ते भांडी बघायला येणार होते. कधी नव्हे ते हुसेनच्या घरात उद्याची खात्री येणार होती. आणि आज ही बाई!

पंगती उठल्या. हुसेन टेम्पो घेऊन आला, पातेलं धुऊन पालथं घातलं होतं. ती आली. नाव दीपमाला. तिनं सगळं सांगितलं. त्यांचं घर पलूसकडं, कृष्णाकाठी. वडील नाथाजी पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हा गावजेवणासाठी आईनं हे पातेलं हौसेनं घेतलं. महापुरात म्हातारीला होडीतून बाहेर काढलं. पाणी उतरल्यावर परत गेले, तर घरात नुसता गाळ होता आणि पातेलं गेलेलं.

"आई आता नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारायची, माझं पातेलं घावलं का गं?"

मला मात्र गुरुवार दिसत होता. काठावर 'सौ. शालूबाई ना' एवढीच अक्षरं धड होती, पुढचं सगळं खरवडलेलं. मी म्हटलं, "आवं, शालूबाई काय जगात एकच हाय व्हय?"

"बुडाजवळ पोचा आहे," ती म्हणाली. "लहानपणी मी यात बसून अंगणात घरंगळत होते. आडाच्या कठड्यावर आदळलं. आईनं मला लय मारलं होतं."

मी लगेच पातेलं गोल फिरवून दाखवलं. बूड एकदम गुळगुळीत. "बघा! पोचाबिचा काय न्हाई!"

तिनं सगळीकडून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. तिचा चेहरा उतरला. "मग दुसरं असेल," ती हळूच म्हणाली. "माफ करा हं, तुमचा खोळंबा केला." आणि वळून निघाली. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा.

हुसेन इतका वेळ खाली बघत उभा होता.

"ताई, थांबा," तो म्हणाला. "पोचा व्हता. हितं, डाव्या अंगाला. मीच ठोकून काढलाय."

मला वाटलं, याच्या डोक्यात झारा घालावा. ती बाई मात्र भारी साडीनिशी मातीत बसली, पातेल्याला मिठी मारली आणि लहान पोरीसारखी रडली. साडीला काजळी लागली, तिला शुद्धच नव्हती. हुसेननं स्वतः ते तिच्या गाडीत चढवून दिलं. तिनं पर्स उघडली तर हात जोडून म्हणाला, "भंगारातनं घेतल्यालं. त्येनं मला कवाच फेडलंय."

टेम्पोत मी त्याला आईबहिणीवरून सोडून बाकी सगळं बोललो. "गप ऱ्हायाला काय झालं व्हतं रं तुला? पोचा काढल्यालं तुला एकट्याला ठावं!"

"म्हणून तर," तो म्हणाला. चढ आला तसा त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "भंगारात आल्यालं भांडं कुणी खुशीनं दिल्यालं नसतंय, आकाराम. कुणी हुडकत आलं तर त्येला घावाय नगं व्हय? त्येच्यावर माझं नाव कशाला घालू?"

इतक्या वर्षांच्या माझ्या कोड्याचा उलगडा असा झाला, आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

घरी भांडी उतरवून घेताना त्याच्या बायकोनं, हाजराबीनं विचारलं, "मोठं कुठं हाय?" हुसेननं सांगितलं. तिनं टेम्पोत वाकून स्वतः बघितलं. मग कडाडली, "गुरवारी लालासाहेबांना काय दावणार? माझं थोबाड?" तरी त्या तीन दिवसांत तिनं उरलेली सगळी भांडी चिंच लावून अशी लखलखीत केली की त्यांत तोंड बघावं.

लालासाहेब आले, चहा प्यायले. "भांडी झ्याक हायती," म्हणाले, "पण मोठ्या पातेल्याबिगार आमच्या कार्यालयाचं भागायचं न्हाई." काम दुसऱ्याला गेलं. हुसेन पुन्हा भंगाराच्या ढिगात बसायला लागला. पावसाळा सरेपर्यंत त्यानं दोन मधली पातेली उभी केली. दोन चुलाणी पेटवून एका आमटीला दोनदा फोडणी देताना मी त्याला दोन्ही वेळा शिव्या घातल्या.

दिवाळी झाली आणि दीपमालाताईंची गाडी हुसेनच्या दारात उभी राहिली. मी तिथंच होतो. मागच्या सीटवर पातेलं.

"फ्लॅटमध्ये ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "घरातले सगळे त्यात छत्र्या ठेवायला लागले. परवा आईचं वर्षश्राद्ध झालं, त्याचा स्वयंपाक यातच केला. माणसं जेवून गेली आणि मला रडूच आलं. आता परत छत्र्याच ना! आईनं हे माणसं जेवू घालायला घेतलं होतं, हुसेनभाई. तुम्ही चालवा."

हुसेननं गाडीचं दार उघडलं. हाजराबीनं पातेलं उतरवून घेतलं, तिला काठावर काहीतरी नवं चमकताना दिसलं. "आकारामभाऊ, काय लिवलंय हो ह्ये?"

मी वाकलो. खरवडलेलं नाव पुन्हा कोरून घेतलं होतं, 'सौ. शालूबाई नाथाजी'. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. मी वाचली, "हुसेन मुलाणी, शिराळा."

हुसेननं त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अक्षर जरा वाकडं पडलंय."

"पडू दे," हाजराबी म्हणाली. "चिंच भिजत घाला. शनवारी बारसं हाय."

चिंच भिजल्यावर ती पातेलं घासायला बसली. काठावरून, शालूबाईच्या नावावरून तिचा हात भराभरा फिरला. खालच्या ओळीपाशी आल्यावर तिनं चोथा बाजूला ठेवला, आणि तेवढी जागा पदरानं पुसली.