खिशांचा किल्ट

एफी गेडिसचं डोकं गेली कित्येक वर्षं एकाच गोष्टीवर फिरलेलं होतं. तिच्या स्कॉटिश गावातले बाप्ये किल्टच्या, म्हणजे कमरेला नेसायच्या चौकडीच्या लोकरी घागऱ्याच्या, नावानं छाती फुगवायचे, पण तो लग्नाला नि मयताला घातला की परत कपाटात. विकत घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा, म्हणून कित्येक जण भाड्यानंच आणायचे. अरे, आपले पूर्वज हाच कपडा नेसून गुरं हाकत होते, रात्री तोच पांघरून झोपत होते! मग त्याचा सोवळ्यातला देव कुणी केला?

एफी गावची शिंपीण. म्हणून तिनं तपकिरी कॅनव्हासचा किल्ट शिवून विकायला काढला. चुण्या निम्म्या, दोन्ही बाजूंना हत्यारं मावतील एवढे खिसे, यंत्रात धुतला तरी चालेल असा आणि कुणालाही परवडेल असा. पहिलं गिऱ्हाईक शेजारचा टॉर्मड. तो रानातली दगडी कुंपणं रचायचा आणि हाच नेसून कामावर जायचा.

यंदा टॉर्मडला गावच्या खेळांत हातोडा फेकायचा होता. हिवाळाभर त्यानं मेंढवाड्यामागे सराव केला होता. पण नियम असा, की किल्ट नसेल तर मैदानात पाऊल नाही. आणि त्याच्याकडे किल्ट होता तो एवढाच.

"हे काय गुंडाळून आलायस?" खेळांचा अध्यक्ष कॅल्डरवुड यानं त्याला मैदानाच्या दोरीपाशीच अडवलं.

"किल्ट आहे, साहेब."

"याला किल्ट म्हणतात? ना चौकडी, ना लोकर. पोतं आहे पोतं!"

एफी दोरीखालून तरातरा पुढे आली. "पोतं कुणाला म्हणता हो? तुमच्या पोटापायी तुमचा किल्ट तीनदा सैल करून दिलाय मी. तेव्हा बरे गोड लागले माझे टाके!"

लोक हसले. पण रस्सीखेचीच्या संघातले पाच जण, जे रोज तिचेच किल्ट नेसून कामावर जायचे, ते आज भाड्याच्या चौकडीत मूग गिळून उभे होते. अध्यक्षापेक्षा तिला त्यांचाच जास्त संताप आला. मेले भित्रे!

कॅल्डरवुडनं मोठेपणाचा आव आणून गाडीतून आपल्या वडिलांचा जुना किल्ट काढला. "घे, हा नेस. आणि लोकांसमोर नीट दिस."

टॉर्मडनं एफीकडे पाहिलं. "मावशी, काय करू गं? इतके महिने घाम गाळलाय."

"नेस बाबा, नेस," ती फणकारली.

त्यानं कॅनव्हासचा किल्ट दोरीवर टाकला आणि तो जुना किल्ट नेसून त्याचे कमरेचे पट्टे आवळले. पट्ट्याचं कातडं तडकलेलं एफीला स्पष्ट दिसलं. सांगावं असं तिच्या ओठांवर आलं, पण रागानं तोंड उघडू दिलं नाही. तुटू दे, तिला वाटलं. बरी जिरेल अध्यक्षाची.

टॉर्मडनं हातोडा डोक्याभोवती फिरवला. दुसऱ्याच फेऱ्याला पट्टा तटकन तुटला आणि कॅल्डरवुडच्या वडिलांचा किल्ट घोट्यांपाशी आला. वर राहिली लाल चड्डी. हातोडा गळून चिखलात रुतला. सगळं मैदान खदाखदा हसलं. हसलं ते टॉर्मडला, अध्यक्षाला नव्हे. त्याचे कान लालबुंद झाले, आणि एफीला स्वतःचीच शरम वाटली.

दोरीवरचा किल्ट ओढून ती धावत मैदानात गेली आणि सगळ्यांच्या देखत तो त्याच्या कमरेला गुंडाळून घट्ट बांधला. "पट्टा तडकलाय हे मी पाहिलं होतं रे," ती पुटपुटली. "बोलले नाही. आता फेक."

त्यानं फेकला. हातोडा पार पलीकडच्या झेंड्याजवळ पडला.

"ही फेक धरायची नाही!" कॅल्डरवुड ओरडला. "याच्या अंगावर किल्ट नाही."

"नाही?" एफीचा आवाज चढला. "मग आत्ता या पोराची अब्रू कशानं झाकली? तुमच्या चौकडीनं तर भर मैदानात घालवली होती!"

हसू थांबलं. रस्सीखेचवाल्यांतला एक जण खाली मान घालून म्हणाला, "तसलाच किल्ट माझ्याकडेही आहे, अध्यक्ष. रोज नेसतो."

"माझ्याकडेही," दुसरा म्हणाला.

वाकून कॅल्डरवुडनं वडिलांचा किल्ट चिखलातून उचलला, झटकला आणि तुटका पट्टा हातात धरून एफीजवळ आला. आवाज एकदम खाली आला होता.

"एफीबाई, हे पट्टे नवे लावून द्याल का?"

"देईन की," एफी म्हणाली. "आधी त्याची फेक मोजा."