सात मिनिटांचा समुद्र

आमच्या मोठ्या दिरांना घरातल्या बायका पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. दोन दिवसांत तीन किल्ले, चार देवळं आणि पाच किनारे त्यांनी कागदावर असे ठासून बसवले होते, की देवांनाही दर्शन द्यायची घाई व्हावी.

खरं तर सहल सासूबाईंसाठी होती. वय एकोणऐंशी, पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतर कुठे जाणं होईल याचा भरवसा नाही. त्यांचं मागणं एवढंच होतं, "एकदा पोटभर समुद्र बघायचाय. बसून." यातलं 'बसून' दिरांच्या कानात शिरलंच नाही. "आई, एक काय, पाच समुद्र दाखवतो!" म्हणाले. पाची ठिकाणी समुद्र तोच असतो, हे त्यांना कोण सांगणार?

पहिल्या किल्ल्यावर त्यांनी बुरूज पाहिला नाही. बुरुजासमोर आम्हाला उभं केलं, फोटो काढला आणि कागदावर बरोबरची खूण केली. देवळात हात जोडतोय तोवर शिट्टी. हो, शिट्टी! शाळेत कवायत शिकवण्यात हयात गेली, निवृत्त झाले तरी ती गळ्यातून उतरली नाही. गाडीत बसलं की हजेरी. प्रत्येकाला नंबर. सासूबाईंचा एक. पण त्यांना कमी ऐकू येतं आणि आम्ही दोघी सगळ्यात मागच्या सीटवर, म्हणून त्यांचा "एक" मी ओरडायचा आणि माझा "सात"ही मीच. मागे वळून डोकी मोजावीत, हे या शहाण्या माणसाला कधी सुचलं नाही.

चौथ्या किनाऱ्याच्या वाट्याला सात मिनिटं आली. सासूबाई चपला काढून ओल्या वाळूत बसल्या. लाटा पावलांवरून येत-जात होत्या. तेवढ्यात शिट्टी झालीच.

"आई, चला," मी खांद्याला हात लावून म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू हो पुढे."

मी पुढे झाले. सरबतवाल्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं, गाडीत चढले आणि हजेरीला "एक" ओरडले. सवयीनं ओरडले, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या किल्ल्याच्या दारात फोटोसाठी आम्हाला उंचीप्रमाणे लावताना दीर एकदम थांबले. "आई कुठाय?" नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी किल्ल्याकडे. दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसात पहिल्यांदाच ते कागद न बघता पळाले.

जाण्यायेण्यात दीड तास गेला होता. सासूबाई तिथेच होत्या, कंबरेपर्यंत भिजलेल्या, सरबतवाल्या बाईशी गप्पा मारत. दीर वाळूत धडपडत पोचले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "आई, गाडी निघालेली दिसली नाही तुला?"

"दिसली की."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती, तर तू थांबला असतास."

दिरांची जिरलेली बघून मला हसायचं होतं, पण जमलं नाही. आधीच्या तिन्ही किनाऱ्यांवरून सासूबाईंना दंडाला धरून उठवणारी मीच होते.