खंडेनवमीची सायकल

आमच्या चिंचवाडीहून खालच्या गावात उतरायला दोन वाटा आहेत. एक गाडीवाट, डोंगराला वळसा घालून सहा मैल फिरवणारी. दुसरी पायवाट, कड्यावरून दीड मैलात खाली टाकणारी. तिच्यावरून शेळ्या जातात, भारे घेतलेल्या बाया जातात, आणि एकाहत्तर सालात आमचे धाकटे दीर सहादेव सायकलवरून जायला लागले.

का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते जेवता जेवता ताटातच डोंगर मांडायचे. भाकरीचा काठ म्हणजे कडा. पिठल्याचा ओघळ म्हणजे मुरमाची घसरण. कांद्याच्या फोडी म्हणजे तीन पायऱ्यांचा कातळ. मिरची म्हणजे निवडुंगाचं वळण.

"पायऱ्यांवर बूड सीटच्या मागं न्यायचं, वैनी. दोनी पायडल एका रेघेत. पुढच्या ब्रेकाला नुस्तं इचारायचं, मागच्याला हुकूम करायचा."

"आणि भावजी, पिठलं कधी खायचं?"

"तुमाला चेष्टा वाटती."

चेष्टा नाही तर काय. पण एक खरं, कड्यावर उभं राहून मी त्यांना उतरताना पाहिलं होतं. घरात पाण्याचा तांब्या नेताना निम्मं पाणी सांडणारा हा माणूस त्या वाटेवर असा जायचा की जणू डोंगरानंच त्याला हाताला धरून खाली नेलंय.

त्या साली खालच्या गावात दूध सोसायटी निघाली. सेक्रेटरी होते योहान मास्तर, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, छातीवर साखळीचं घड्याळ. नगरची दूधगाडी सकाळी सातला पिंपळाखाली यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. आमच्या वाडीचं दूध बैलगाडीनं वळसा घालून पोचेपर्यंत दूधगाडी गेलेली असायची. मग मास्तरांनी सांगितलं, जो कोणी दोन भरले कॅन पायवाटेनं सातच्या आत आणील, थेंब न सांडता, त्याला कायमचं काम. श्रावणात एकानं करून पाहिलं होतं. तो खाली पोचला, दूध डोंगरावरच राहिलं. वाडीतली कुत्री दोन दिवस घरी आली नाहीत.

भावजींना हे काम मिळालं नाही तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते श्रीगोंद्याला जाणार, हे ठरलेलं होतं. आमचे हे तिथं साखर कारखान्यात आहेत, त्यांनी हंगामापुरतं बोलून ठेवलं होतं. सासूबाईंनी पिशवी भरली होती आणि रोज तिच्यातून एक एक कापड काढून पुन्हा घडी घालून ठेवत होत्या. तोंडानं म्हणायच्या, "जाऊ दे, पैलवानासारखा खातो, तेवढंच वाचंल." आणि पाठ फिरवून डोळे पुसायच्या. एक मुलगा तिकडं कारखान्यावर गेलेला, दुसरा तरी डोळ्यांसमोर राहावा, एवढंच त्यांचं मागणं. दूध उतरवून दाखवायला दसऱ्याचा दिवसही त्यांनीच मास्तरांकडून मागून घेतला. मुहूर्त बघायला नको म्हणून.

आता माझं. खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं पुसून पूजेला मांडते. कोयता, विळा, कुऱ्हाड, कुदळ. लोखंडाला एरंडाचं तेल चोळायचं म्हणजे गंज धरत नाही, हे मला कोल्हारला माझ्या आईनं शिकवलं. त्या वर्षी सायकलही मांडली. उद्या तिच्यावरच सगळं होतं, मग तिला कमी कशी लेखायची? तिला धुतली, पुसली आणि जिथं जिथं चकाकतं तिथं तिथं तेल चोळलं. चाकांच्या कडा तर अशा चकाकत होत्या की त्यांत कुंकू नीट लागलंय का हे मी वाकून पाहिलं. पुढं झेंडूचा हार.

भावजी रानातून आले आणि दारातच थांबले. "वैनी, नवी घेतली का?"

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दसऱ्याला पहाटे दूध भरलं. मी भावजींच्या हातावर दही घातलं. त्यांचे पाय अनवाणी होते. नवरात्रात वहाण घालू नका म्हणून मीच त्यांना नऊ दिवस गळ घातली होती आणि दहावा उजाडला तरी त्यांनी तो नेम पाळला होता. कॅन लावलेली सायकल हातानं ढकलत ते कड्याकडे निघाले. मागून सासूबाई, मागून सगळी वाडी. ठरलं असं होतं की वर हलगी वाजली की खाली मास्तरांनी घड्याळ बघायचं.

बाकीच्या हत्यारांची उत्तरपूजा राहिली होती, ती आटोपल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. अक्षता टाकून हत्यारं हलवली, नारळ फोडायला कोयता घेतला, उलट्या बाजूनं घाव घातला. कोयता नारळावरून सटकला. पुन्हा घातला, पुन्हा सटकला. मी हाताकडे पाहिलं. बोटं तेलानं माखली होती.

आणि मला भावजींचं मागच्या वर्षीचं बोलणं आठवलं, ब्रेकची रबरं बदलताना. "ह्ये रबार चाकाच्या कडंला धरतं, वैनी. धरलं तर सायकल, न्हाईतर देवाघरी."

तेवढ्यात कड्यावर हलगी वाजली.

मी धावले. लग्न होऊन आल्यापासून वाडीनं मला धावताना पाहिलेलं नव्हतं. कड्यावर पोचले तर भावजी मुरमाच्या घसरणीच्या शेवटी, ठिपक्याएवढे. "भावजी, थांबा!" म्हणाले मी. पण माझा आवाज शेजारच्या खोलीत नीट पोचत नाही, तो डोंगराखाली कसा पोचायचा?

"काय उतरतोय! आज ब्रेकाचा आवाजच न्हाई!" कुणीतरी म्हणालं.

सासूबाई पदराआडून कौतुकानं बघत होत्या. "बघ गं मने, कसा फुलावानी चाललाय."

मी पदर खोचला आणि पायवाटेनं उतरायला लागले.

त्या दिवशी मी ती वाट जशी वाचली तशी पोथीही कधी वाचली नसेल. दर चार पावलांवर मी एकच शोधत होते, पांढरं काही दिसतंय का. पांढरं दिसलं की काम गेलं. तांबडं दिसलं की काय, याचा विचार मी करत नव्हते.

मुरमावर एरवी त्यांच्या चाकाची फरफट उमटते. आज एकच बारीक रेघ, जशी रांगोळीची. कातळाच्या पायऱ्यांवर खूण असायचं कारण नाही, पण तिसऱ्या पायरीच्या खालीही ती नव्हती. पाच हात पुढं एकदम सुरू झाली. मधल्या पाच हातांत भावजी कुठं होते ते देवालाच माहीत. पांढरं काही नाही.

निवडुंगाच्या वळणावर त्यांची टोपी निवडुंगाला अडकली होती आणि झेंडूची फुलं वाटभर. इथं चाकाची रेघ वाट सोडून बाजूच्या चढणीवर गेली होती, वरून फिरून खाली आली होती, पुन्हा समोरच्या चढणीवर चढली होती. मला उमगायला वेळ लागला. सायकलीचा वेग कमी करायला तो माणूस डोंगरालाच ब्रेक म्हणून वापरत होता. एकदा या अंगानं चढायचं, एकदा त्या. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकलेले असताना. टोपी काढून घेताना मनात आलं, हे तर त्यांनी ताटात कधी मांडलं नव्हतं.

ओढ्याच्या वाळूत अंगठ्याचा ठसा होता आणि त्याच्या कडेला तांबडं. वहाण असती तर टायरला लावली असती. अनवाणी पाय लावला होता. तिथं मी क्षणभर खाली बसले. मग उठले, कारण पांढरं तिथंही नव्हतं.

शेवटच्या पांदीत लंकाबाई कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या वावराचं काट्याचं कुंपण चांगलं दहा हात गायब.

"मनकर्णे, तुझा दीर माझं कुंपण घेऊन गेला."

"घेऊन गेला म्हणजे?"

"म्हंजे सायकलला आडकवून. फरफटत. मी म्हनलं आरं थांब, तर म्हंतो, त्येच करतोय मावशी!"

मला हसू आलं. इतका वेळ धरून ठेवलेलं होतं, ते तोंडावर पदर धरूनही थांबेना. लंकाबाई आणखीच चिडली.

पिंपळाखाली सायकल उभी होती, मागं बोरीच्या फांद्यांचं शेपूट. भावजी पारावर बसले होते, कुणीतरी दिलेला चहा त्यांच्या हातातल्या बशीत आपोआप हिंदकळत होता. तळपाय सोलला होता. दूधगाडी नुकतीच येऊन थांबली होती. योहान मास्तरांनी कॅनचं झाकण उघडलं, आत बघितलं, दुसरं उघडलं. गळ्यापर्यंत दूध.

"आठ मिनिटं," मास्तर म्हणाले. "सहादेव, मी अर्धा तास धरला होता. आठ मिनिटांत येतोस, तर डोंगरावरच्या दुसऱ्या वस्तीचंही दूध तुझ्याकडेच देतो. रोज सकाळी दोन खेपा. जमेल?"

भावजींनी तोंड उघडलं. जमणार नाही म्हणतील असं मला वाटलं. पण भोवती पंधरावीस माणसं होती आणि सगळी त्यांच्याकडेच बघत होती.

"जमंल की," ते म्हणाले. "त्यात काय."

मी पुढं झाले. भावजींनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं, नको. काम हातात आलं होतं. घरी पिशवी भरलेली होती. सासूबाई कड्यावर उभ्या होत्या. पण उद्या ब्रेक लावून भावजी अर्ध्या तासात येणार आणि मास्तर घड्याळ बघणार. नाहीतर ब्रेक न लावता येणार, आणि मग मी काय बघणार?

"मास्तर," मी म्हटलं, "आज सायकलला ब्रेक नव्हता."

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं."

"ब्रेक नव्हता. काल पूजेत मी चाकांना एरंडाचं तेल चोळलं. रबरं धरतच नव्हती. आठ मिनिटं त्यांची नाहीत, माझी आहेत."

मास्तरांनी चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, वास घेतला, रुमालाला पुसलं.

"सहादेव, तुला हे कुठं कळलं?"

"मुरमावरच, मास्तर."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबायला ब्रेक लागतो, मास्तर."

आधी गाडीचा ड्रायव्हर हसला, मग सगळे. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वर डोंगराकडे बराच वेळ पाहिलं.

"ब्रेक लावून किती वेळ लागतो?"

"पंचवीस मिंटं. कॅन आसल्यावर आर्धा तास."

"एक खेप. अर्धा तास. त्याच्या आत आलास तर त्या दिवशीचं दूध मी घेणार नाही." त्यांनी वही काढून नाव लिहिलं. मग माझ्याकडे वळून, वर्गात बोलतात तसं, म्हणाले, "बाई, तुमच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पुढच्या वर्षी सायकलला नुसतं फूल वाहा."

परत चढताना भावजींना लंगडताना पाहून मी सायकल ढकलायला घेतली. काम मिळालं होतं, पिशवी रिकामी होणार होती, सासूबाई आता खरोखरच ओरडणार होत्या की किती खातोस. तरी गाल फुगलेले.

"दुखतंय का पाय?"

"पाय न्हाई दुखत."

"मग?"

"सांजच्यापातूर तरी थांबायचं हुतं, वैनी. एक दीस. एक दीस तरी मिरवलो आसतो, आठ मिंटं म्हणून."

"मिरवा की. ब्रेक असताना कुणीही उतरतं."

ते थांबले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी पाहत होते, चेहरा हळूहळू उजळत गेला, खांदे वर आले, लंगडणंही निम्मं कमी झालं. वरून बोराटीचा भारा घेऊन एक म्हातारा उतरत होता, त्याला त्यांनी भर उन्हात अडवलं.

"नाना, ऐकलं का? आज बिनब्रेकाचा उतारलो. ठरवूनच."

"ठरवून?" नाना माझ्याकडे बघायला लागले. "व्हय गं पोरी?"

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, सायकलची घंटी एकदा वाजवली आणि म्हटलं, "नाना, भारा जड असंल, उतरा हळूहळू."

भावजी पुढच्या वळणापर्यंत शीळ घालत गेले.