फक्कीचं घर

सुभद्राचा नवरा गिरिधर रेल्वेत फिटर होता, आणि जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय नीट बसत नाही अशी त्याची समजूत होती. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या जुन्या, कवेलूच्या छपराच्या घरापुढे पक्क्या खोल्या काढायचं ठरलं, तेव्हा त्याने आणि नत्थू मिस्त्रीने सगळं परस्पर उरकून टाकलं. पाया दिवाळीनंतर खोदायचा होता. पण विटांचा अंदाज यावा म्हणून नत्थूने उन्हाळ्यातच अंगणात चुन्याची फक्की मारून खोल्या आखून दिल्या. रस्त्याच्या बाजूला ऐसपैस बैठक आणि मागच्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटून, स्वयंपाकघर.

सुभद्रा त्या रेघांवरून मागच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. लग्न होऊन आल्यापासून ती अंधाऱ्या खोलीत चुलीपुढे बसून डोळे पुसत भाकरी थापत आली होती. नव्या घरात उभ्याने स्वयंपाक करता यावा आणि समोर रस्ता दिसेल अशी खिडकी असावी, एवढंच तिने मागितलं होतं. या कोपऱ्यात खिडकीला जागाच नव्हती. एकदा भिंत उठली की जन्माचा अंधार, हे तिला कळत होतं.

ती बोलली, तर गिरिधरने उडवून लावलं. आलेल्या माणसाला काय आधी भांडी दाखवायची, म्हणाला. नत्थूनेही मान डोलावली. त्याच्याही घरी चूल त्याची बायकोच फुंकत होती.

सुभद्राने वाद घातला नाही. तिने एवढंच सुचवलं की दिवाळीपर्यंत या रेघांतच वावरून पाहू, चुकलंच काही तर फक्की पुसता येते. गिरिधरला ही युक्ती इतकी आवडली की दोन दिवसांत ती त्याचीच झाली. शेजारची कौसल्या ताक मागायला रेघ ओलांडून आली, तर त्याने तिला परत पाठवून आखलेल्या दारातून यायला लावलं.

या गिरिधरला एक हौस होती. रविवारचं मटण तो स्वतः रांधायचा, अंगणात, मोकळ्या वाऱ्यावर. नव्या घरातलं पहिलं मटण तुमच्याच हातचं होऊ द्या, असं सुभद्राने म्हणताच स्वारी खूश झाली. नत्थूला आणि कौसल्याच्या घरच्यांना आवतण गेलं. सुभद्राने सकाळीच मागच्या कोपऱ्यात, मिस्त्रीच्या रेघांवर नेमके बांबू रोवले आणि मांडवाची ताडपत्री चहूबाजूंनी आणि वरूनही ताणून बांधली. बैठकीकडे तेवढं एक दार ठेवलं. आत सिगडी पेटवून दिली.

गिरिधर गुणगुणत आत गेला. पाहुणे बैठकीच्या रेघांत बाजेवर बसले. थोड्या वेळाने मसाल्याचा वास आला, मग ठसका, मग नुसता ठसकाच. भांडं आपटल्याचा आवाज झाला, ताडपत्री खालून उचलली गेली आणि गिरिधर रांगत पाहुण्यांच्या पायांशी बाहेर पडला.

कौसल्याने पदर तोंडात कोंबला. सुभद्राच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अवो, दार तिकडं आहे," ती म्हणाली. "भिंतीतून काहून येऊन राहिले तुम्ही?"

गिरिधरने तांब्याभर पाणी डोळ्यांवर मारलं. नत्थू आत डोकावला आणि तसाच मागे फिरला. मग गिरिधरने बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांची लाली त्याने आजवर जागरणाची समजली होती. त्याला लाज वाटली.

"इतकी वर्सं तू अशातच बसून राहिली वं?"

"हो," सुभद्रा म्हणाली.

तो उठला आणि चपलेने स्वतःच रेघ पुसू लागला. "नत्थू, फक्की आण गा. स्वयंपाकघर रस्त्याकडं घे."

"अन् बैठक?"

"मांगं टाक. पाहुण्याले काय करायची हाय खिडकी?"

नत्थू खिडकीच्या खुणा करायला वाकला, तेव्हा सुभद्राने फक्कीचा डबा त्याच्या हातातून घेतला. दोन्ही हात फाकवून तिने माप घेतलं आणि खुणा स्वतः मारल्या. खिडकी फारच मोठी होईल, असं मिस्त्री म्हणत राहिला. ती त्या खुणांमध्ये उभी राहिली आणि हलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायका ती खिडकी पाहायला येऊ लागल्या. ही कल्पना आपलीच, असं गिरिधर प्रत्येकीला सांगायचा. सुभद्रा त्याला सांगू द्यायची. ओट्यापाशी ताठ उभी राहून ती भाकरी थापायची आणि कोरड्या डोळ्यांनी सगळा रस्ता पाहायची.