तिनं पाणी दिलं का?

गिरगावातल्या त्या माडीच्या सज्जात एक लाकडी बाक होता, बाकाशेजारी एक पितळी गडवा होता, कोनाड्यात एक चिनी कपबशी होती, आणि गंगाधरला दाराआडून त्याच्या बायकोची, मंजुळाची, दोन पावलं तेवढी दिसत होती. गडवा आणि कपबशी फक्त गंगाधरसाठी. तो ख्रिस्ती झाल्यापासून सासरघरच्या दुसऱ्या भांड्याला त्याला शिवू देत नसत. तो स्वतः आपल्या नव्या धर्माच्या बाजूचे अठरा मुद्दे घेऊन आला होता.

"जावईबापू, आज किती?" आतून तुळशीदास सोनारांनी नथीत मोती ओवता ओवता विचारलं.

"अठरा."

"मागच्या खेपेला चौदा होते. बरकत आहे."

सासरे टोमणे मारीत, पण दार लावून घेत नसत. त्यापायी जातीच्या पंचांनी त्यांना दोनदा बोलावून घेतलं होतं. गंगाधर ते उपकार कधी विसरला नाही.

सन १८९४ चाललं होतं. गंगाधर बी. एस्सी. होऊन परळच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत होता. बाप्तिस्म्याला वर्ष होत आलं होतं आणि बायको माहेरीच होती. ती नांदायला येत नाही असं कोर्टात सांगितलं की लग्न मोडून घ्यायची सोय कायद्यात होती. ख्रिस्ती मंडळीतली वडीलधारी माणसं त्याला तेच सुचवीत होती. गंगाधरला लग्न मोडायचं नव्हतं. पण मंजुळा येणार की नाही, हे तिनं एका शब्दानंही सांगितलं नव्हतं.

त्यानं अठराही मुद्दे मांडले. पावलं हलली नाहीत. चहा निवला.

परतताना तो रमाबाईंकडे गेला. या वयस्क विधवा बाई घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवीत; गिरगावात त्यांना सगळे ओळखत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंजुळानं काय विचारलं, एवढंच विचारलं. काहीच नाही, तो म्हणाला. मग तू तिला काय विचारलंस? गंगाधरनं मनाशी मोजून पाहिलं. त्याचंही उत्तर शून्यच आलं.

"मग हे बोलणं कसलं बाबा," रमाबाई म्हणाल्या, "व्याख्यान झालं."

पुढच्या रविवारी तो प्रश्न घेऊन गेला. मूर्ती फुटली तर देव फुटतो का, असं त्यानं विचारलं. दाराआडची पावलं मुकाट्यानं आत गेली. सासूबाई, काशीबाई, बाहेर येऊन म्हणाल्या की पोरगी रडते आहे, आज आपण निघावं.

"तो प्रश्न नव्हता, सापळा होता," रमाबाईंनी सुनावलं. "उत्तर तुला आधीच ठाऊक होतं ना? मग विचारलंस कशाला?"

घरी येताना गंगाधरला आपला वर्ग आठवला. प्रयोगाआधीच निष्कर्ष लिहून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला तो बाकावर उभं करीत असे.

तिसऱ्या खेपेला तो रिकामाच गेला. तुळशीदासांनी आकडा विचारला तेव्हा आज काही नाही म्हणाला. मोती ओवायचे थांबले.

"मंजुळा," तो दाराकडे पाहून म्हणाला, "मी बाप्तिस्मा घ्यायला गेलो त्या दिवशी तुझं काय झालं? मी कधी विचारलंच नाही."

 दाराआडून आवाज आला.

"तुमचं ताट वाढून बसले होते. दिवेलागणीला आईनं ते उचललं."

त्याच्या जिभेवर चार खुलासे आले. त्यानं ते गिळले आणि गप्प राहिला. त्या गप्प राहण्यानंच तिला धीर आला असावा.

"तुमचा येशू बायकांशी बोलायचा का हो? की तोही व्याख्यानंच द्यायचा?"

आत तुळशीदास खोकले; हसू दाबत होते.

"बोलायचा," गंगाधर म्हणाला. "एकदा चालून दमला आणि विहिरीवर बसला. तिथं एक बाई पाण्याला आली. त्याचे लोक तिच्या लोकांच्या भांड्याला शिवत नसत. त्यानं तिच्याकडेच प्यायला पाणी मागितलं."

"मग तिनं दिलं का?"

गंगाधरनं आठवून पाहिलं. तो अध्याय त्याला पाठ होता. पुढे दोघांचं पुष्कळ बोलणं होतं, बाई घागर तिथंच टाकून गावाकडे धावली हेही होतं. पाणी दिल्याचं मात्र कुठंच नव्हतं.

"लिहिलेलं नाही."

"इतके दिवस वाचताय, आणि कुणाला विचारलं नाहीत?"

"सुचलंच नाही. तुला काय वाटतं?"

मंजुळा दारात आली. वर्षभरानं त्याला तिचा चेहरा दिसला.

"दिलं असेल. तहानेला माणूस समोर असला की आधी पाणी. बाकीचं मागाहून. पण तुमच्या त्या रमाबाईंना विचारून पाहते."

 गंगाधरजवळ उत्तर नव्हतं, आणि त्याबद्दल त्यानं तिथंच बसल्या बसल्या मनोमन देवाचे आभार मानले.

तुळशीदासांनी दोन दिवस विचार केला आणि परवानगी दिली: रमाबाईंबरोबर रविवारच्या उपासनेला जावं, दाराजवळ बसावं, वाटेल तेव्हा उठून यावं.

त्या रविवारी उपासना एक तास दहा मिनिटं चालली. मंजुळा पन्नास मिनिटं बसली.